पगारी पेशंट

१२ जुलै

चि. चिमटी,

थोडे आशीर्वाद. उरलेले निकाल लागल्यावर.

काल ताईचा फोन आला होता. तुझी आई अर्धा वेळ रडली आणि अर्धा वेळ माझ्यावर ओरडली. तू आरोग्य शिक्षणाला प्रवेश घेतलास, आणि असली खुळं आपल्या घराण्यात माझ्याकडूनच येतात असं तिचं म्हणणं. मी विचारलं, हा नक्की कसला अभ्यास? ती म्हणाली, "डॉक्टर नाही, नर्स नाही, धड कंपाउंडरही नाही. लोकांना हात धुवा म्हणून सांगायचं." मी म्हटलं, त्यासाठी आया असतात की. त्यावर तिनं फोन आपटला. तेव्हा आता तूच सांग, हे शिकून माणूस पुढे होतो काय?

माझी बातमी अशी की मी नोकरीला लागलोय. वीज कार्यालयातून निवृत्त झाल्यापासून तुझी मामी मला फर्निचरमध्ये धरते. केर काढताना उचलते आणि परत जागेवर ठेवते. परवा पेपरात जाहिरात पाहिली. इथल्या कॉलेजातही तुझाच अभ्यासक्रम आहे आणि विद्यार्थ्यांच्या सरावासाठी त्यांना खोटे पेशंट हवे होते. हौशी रंगभूमीवर मी जन्मभर खोकलो, कण्हलो आणि मेलो. नायकाचा बाप कुठल्याही नाटकात दुसऱ्या अंकापलीकडे जगत नाही. मुख्य बाईंनी मला उभ्या उभ्या घेतलं. टाईप केलेली संहिता दिली. त्यात मी पात्र क्रमांक चार: किराणा दुकानदार, वय साठ, साखरेचा आजार, गोळ्या घेत नाही, कोणाचं ऐकत नाही. विद्यार्थ्यांनी मला बोलतं करायचं. संहिता गुप्त असते म्हणून जास्त सांगत नाही. मी लेखकाच्या शब्दाला हात लावत नाही हे तुला माहीत आहे. आमच्या मंडळातला खलनायक पदरची वाक्यं घुसवायचा म्हणून मी त्याच्याशी दोन वर्षं बोललो नव्हतो, आणि तो आमचा शेजारी होता.

पत्रच लिही. फोनवर बोललो की तुझी मामी शेजारी बसून दोन्हीकडचं ऐकते. दुसऱ्याचं पत्र मात्र ती फोडत नाही. तिचं तसलं एक तत्त्व आहे.

तुझा पगारी पेशंट,
मामा

२८ जुलै

प्रिय मामा,

थोडे आशीर्वाद पोचले. जपून वापरतेय.

माणूस पुढे होतो काय ते ऐक. कालच वर्गात हा विषय निघाला. शाळेत आरोग्य शिक्षक होता येतं. म्हणजे गणिताच्या बाई आल्या नाहीत की त्यांच्या तासाला पोरांचे दात मोजायचे. कारखान्यात जाता येतं. तिथे कामगारांना कानात बोळे घाला म्हणून सांगायचं, आणि ते त्यांना ऐकू येत नाही कारण मशीन चालू असतं. इस्पितळात समुपदेशक होता येतं. डॉक्टर दीड मिनिटात जे बोलून जातात त्याचा अर्थ पेशंटला निवांत बसून सांगायचा. शिवाय लसीकरणाच्या मोहिमा आहेत, भित्तिपत्रकं आहेत, माहितीपट आहेत, घरोघर फिरून आकडे गोळा करणारं संशोधन आहे. आमच्यातली एक साबणाच्या कंपनीत जाणार म्हणते, तिला आम्ही फितूर म्हणतो. मला इस्पितळात जायचंय.

आणि हात धुवा असं आया सांगतात म्हणूनच कोणी धूत नाही. आमचा पहिला धडा तोच आहे. सांगायचं नाही, विचारायचं. आणि विचारून झालं की गप्प बसायचं. आपल्या घराण्यात हे आजवर कोणाला जमलंय ते सांग. पहिल्या सरावात मी प्रश्न विचारला, तीन सेकंद थांबले आणि उत्तरही मीच देऊन टाकलं.

आईनं जाहीर केलंय की या सत्रात नापास झाले तर गाशा गुंडाळायचा आणि घरी येऊन बँकेच्या परीक्षांना बसायचं. आम्हालाही प्रात्यक्षिकाला खोटा पेशंट असतो. वरच्या वर्गातल्या मुली सांगतात की परीक्षा मंडळ सगळ्या कॉलेजांना एकच संच पाठवतं आणि यंदा किराणा दुकानदार येणार. म्हणजे तूच. संहिता मागत नाही, तू द्यायचा नाहीस. पण तुमच्या वर्गात काय काय घडतं ते लिहीत जा. मामा परीक्षेला उपयोगी पडला असं आपल्याकडे पहिल्यांदाच घडेल.

तुझी चिमटी

२५ ऑगस्ट

चि. चिमटी,

तुझी जमात पाहिली. ईश्वर लोकांच्या आरोग्याचं रक्षण करो.

पहिला आला तो बसायच्या आधीच सुरू झाला. तेल, तूप, मीठ, साखर, चालणं, झोपणं, श्वास घेणं, सगळं मला समजावलं. माझं नाव विचारायचं राहिलं. दुसरी फार हळवी. मी गोळ्या घेत नाही म्हटल्यावर तिचे डोळे भरून आले आणि मलाच तिला पाणी द्यावं लागलं. तिसरीला मी पाठांतरबाई म्हणतो. हातातल्या कागदावरून एकेक प्रश्न वाचते आणि मान वर करत नाही. "घरी कोण कोण असतं? बरं. दम लागतो का? बरं." मी मध्येच मेलो असतो तरी बरं म्हणाली असती.

पण परवा गंमत झाली. बाई बाहेर गेल्या होत्या आणि समोर ती हळवी होती. तिनं विचारलं, पायांची काही तक्रार? मी असा रंगलो म्हणतेस. सांगितलं की बाई गं, मध्यंतरी चपलेच्या तळातून एक चूक, बारीक खिळा, वर आली आणि उजव्या करंगळीच्या बुडाशी शिरली. दिवसभर मी तसाच हिंडलो. कळलंच नाही. घरी आल्यावर लादीवर लाल ठसे दिसले, तेव्हा मी इकडेतिकडे पाहिलं की कोणाचं रक्त सांडलंय. आता त्या जागी भोक आहे, भरत नाही, मी रोज कापूस कोंबून मोजा चढवतो आणि बायकोला सांगत नाही. पोरगी पांढरी पडली. टाळ्या तेवढ्या राहिल्या.

भूमिकेच्या तयारीसाठी एक विचारतो. तुमच्या पुस्तकात अशा पात्राचं पुढे काय होतं?

मामा

२ सप्टेंबर

प्रिय मामा,

तुझा खिळा मी वर्गात वाचून दाखवला. मुलींना एवढा आवडला की एकीनं वहीत उतरवून घेतला. ते "कोणाचं रक्त सांडलंय" तर फारच झकास. तू लेखक व्हायला हवा होतास, मेला तरी नसतास.

पुढे काय होतं विचारतोस? पुस्तकात सगळं क्रमवार आहे. साखरेनं पायाच्या नसा मरतात म्हणून खिळा कळत नाही. जखम आतल्या आत हाडापर्यंत जाते. मग बोट काळं पडतं, मग बोट जातं, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. थोडक्यात तिसऱ्या अंकात पाय कापतात. तुला शोभेल. दुसऱ्या अंकात मरण्यापेक्षा बढतीच आहे.

मी मात्र आता तयार आहे. दुकानदार आला की सरळ पायाकडे जाते बघ.

चिमटी

१९ ऑक्टोबर

मामा,

दीड महिना झाला, तुझं पत्र नाही. मी परीक्षेत गुंतले होते म्हणून मागे लागले नाही. आता लागतेय, आणि भांडायला लागतेय.

मी नापास झाले. कारण तू.

दुकानदार आला, तुझ्यासारखाच हट्टी. मी छान सुरुवात केली, गप्पही बसले. मग विचारलं, पायांची काही तक्रार? तो म्हणाला, नाही. मी मनात म्हटलं, लबाड आहे. पुन्हा विचारलं. नाही. चप्पल बदललीत का अलीकडे? खिळा-बिळा? नाही हो बाई. तेव्हा मी परीक्षकांच्या समोर त्या बिचाऱ्याला बूट काढायला लावला. मोज्याला अंगठ्याशी भोक होतं आणि आत गुलाबी, धडधाकट, गुदगुल्या होणारा पाय. मी करंगळी वर करून पाहिली तर तो हसत सुटला. माझ्या कागदावर शेरा आहे: "विद्यार्थिनी रुग्णाचे ऐकत नाही, स्वतःच्या मनातला आजार त्याच्यात शोधते." फेरपरीक्षा नोव्हेंबरात आहे. आईला अजून सांगितलं नाही.

निकालानंतर संहिता दाखवतात. त्यात स्वच्छ छापलंय: "पायांबद्दल विचारल्यास, काही तक्रार नाही." इतकं स्वच्छ छापलेलं असताना तुला खिळा घुसवायची काय गरज होती? जो माणूस एका शब्दासाठी शेजाऱ्याशी दोन वर्षं बोलत नाही, त्यानं

मामा, इथे माझा हात थांबला. वरचं वाक्य पुरं करत नाही.

तू पदरचं वाक्य कधीच घालत नाहीस.

उजव्या पायाला काय झालंय? मी तुला तिसरा अंक वगैरे लिहिलं ते सारखं डोळ्यांपुढे येतंय. लगेच लिही.

चिमटी

२५ ऑक्टोबर

चि. चिमटी,

नापास झालीस त्याचं वाईट वाटलं. माझ्यावर ढकललंस त्याचं काही नाही, घरात सगळे तेच करतात.

पायाचं काय घेऊन बसलीस. म्हातारपणी नट जरा सैल होतो, त्या दिवशी झालो. इतकंच. पत्र लिहिलं नाही कारण कॉलेजात सराव रोज चालू आहे आणि मला मागणी आहे. तुझी मामीही रोज विचारत असते आणि मी तिलाही सांगतो की मजेत आहे. तू अभ्यास कर आणि लोकांचे बूट काढणं सोड.

मामा

२९ ऑक्टोबर

प्रिय पात्र क्रमांक चार,

तुमची माझी ओळख नाही. मी आरोग्य शिक्षणाची नापास विद्यार्थिनी आहे. माझ्या मामाला मी काही विचारलं की तो विनोद करतो आणि मीही त्याच्या वरताण विनोद करते, त्यामुळे आमचं बोलणं पुढे जात नाही. तुम्ही मात्र परक्या पोरीला खरं सांगता असं ऐकलं, म्हणून तुम्हालाच लिहितेय.

सल्ला देणार नाही. विचारते फक्त.

डॉक्टरकडे गेलात तर काय होईल असं तुम्हाला वाटतं? त्यातलं सगळ्यात जास्त भय कशाचं आहे? आणि हे घरी कळलं तर काय बदलेल?

घाई नाही असं लिहायला शिकवलंय. पण घाई आहे.

तुमची,
एक विद्यार्थिनी

५ नोव्हेंबर

बाई,

मी साधा दुकानदार. गिऱ्हाइकाशी गोड बोलावं, काट्यावर नजर ठेवावी, एवढंच येतं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

मला आजार आहे असं मला कोणीच सांगितलं नव्हतं. एका कागदावर सगळी लक्षणं ओळीनं लिहिलेली वाचायला मिळाली. घसा कोरडा पडणं, रात्री सारखं लघवीला उठावं लागणं, वजन उतरणं. मला वाटलं, लिहिणाऱ्याला माझी माहिती कोणी दिली? फक्त पायांपुढे लिहिलं होतं, तक्रार नाही. ते एकच चुकलं होतं.

डॉक्टरकडे गेलो तर कापतील. माझ्या वडिलांचा कापला होता. पाय गेला त्यांचा, पण लोक त्यांच्याशी मोठ्यानं बोलायला लागले, जसे काही कानच गेले. त्यांच्यादेखत आई आल्यागेल्याला त्यांची तब्येत सांगायची आणि ते खिडकीतून बाहेर बघत बसायचे. एक दिवस त्यांनी मला विचारलं, "मी अजून खोलीत आहे ना रे?" मी तेव्हा हसलो होतो.

सगळ्यात जास्त भय त्याचं. आधीच निवृत्त आहे. उभं राहता आलं नाही तर विंगेतून आत येणार कसा? म्हणजे गल्ल्यावर बसणार कसा. आणि बायकोला कळलं तर ती माझ्या पायाची होईल. चहा पायाला विचारील, जेवण पायाला वाढील. आत्ता निदान मला फर्निचर समजते, अख्खं.

एका पोरीनं हसत हसत लिहिलं होतं की पाय कापतात. तिचा राग नाही. तिनं विचारल्याचं खरं उत्तर दिलं. मीच ते वाचून मोजा आणखी घट्ट चढवला.

दुकानदार

९ नोव्हेंबर

मामा,

ते खिडकीतले आजोबा मी पाहिलेत. मी लहान होते आणि मलाही त्यांच्याशी मोठ्यानं बोलायला सांगितलं होतं.

माझे प्रश्न संपले. पुस्तकात यापुढचं पान नाही. मी जे लिहिलं ते पुस्तकात होतं आणि तरी ते अर्धंच होतं. लवकर दाखवलं तर पुष्कळदा पाय वाचतो, हे त्याच पानावर खाली होतं. तिथे विनोद सुचला नाही म्हणून मी ते लिहिलं नाही.

मला भीती वाटतेय, मामा. येत्या गुरुवारी फेरपरीक्षा आहे आणि अभ्यास होत नाही. मामीला सांगायचं की आईला, हे मी अजून ठरवलेलं नाही. तूच कोणाला तरी दाखव. कोणालाही.

चिमटी

२६ नोव्हेंबर

चि. चिमटी,

पास झालीस. ताईनं मामीला फोनवर सांगितलं, मामीनं मला. "पेशंटला पुरेसा वेळ देते" असा शेरा मिळाला म्हणे. दिलास खरा.

मी इस्पितळात आहे. घाबरू नकोस, आधी नाटक ऐक.

तुझं पत्र खिशात घालून सरावाला गेलो. पाठांतरबाईंची पाळी होती. या खेपेला मुख्य बाईही समोर होत्या आणि सगळा वर्ग भिंतीला टेकून बसलेला. दम लागतो का, नाही, बरं. डोळ्यांना नीट दिसतं का, दिसतं, बरं. मग तिनं कागदावरून वाचलं, पायांची काही तक्रार? माझं वाक्य ठरलेलं होतं. तोंडात आलंही होतं. पण त्या पोरीनं, का कोण जाणे, त्याच वेळी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी वाकलो आणि बूट काढला. मग मोजा. मग कापूस.

वर्गानं टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं रंगभूषा आहे. कोणीतरी मागून म्हणालं, "काय काम केलंय." आयुष्यात मला चालू प्रवेशात टाळ्या पडल्या त्या ह्या पहिल्याच. बाईही हसत हसत जवळ आल्या, वाकल्या, आणि मग त्यांना वास आला. त्यांनी मागे न बघता हात वर केला आणि टाळ्या थांबल्या. पाठांतरबाई खुर्चीवरून उतरून माझ्यासमोर जमिनीवर बसली होती. कागद कुठे टाकला तिलाच ठाऊक. ती म्हणाली, "काका, आपण जाऊ या का? मी येते बरोबर." बरं म्हणायची पाळी माझ्यावर आली.

करंगळी गेली. हाडाचाही थोडा तुकडा गेला. पाऊल राहिलं. डॉक्टर म्हणाले, आणखी महिनाभर नट राहिला असतात तर पाय गेला असता. साखर एवढी निघाली की मी खरोखरच किराणा दुकान आहे. रोज सकाळी एक बाई येते, डॉक्टर नाही, नर्स नाही, खुर्ची ओढून बसते आणि पाय कसा पाहायचा, आरसा कसा धरायचा, चपलेत हात घालून मग पाय कसा घालायचा ते शिकवते. तुझ्याच जातीची. आता ताईला सांगता येईल की हे शिकून माणूस पुढे होतो काय.

तुझ्या मामीला सांगावंच लागलं. ती कॉटशेजारच्या स्टुलावर बसली. मग म्हणाली, "रोज विचारत होते ना मी तुम्हाला, पाय दुखतात का म्हणून. तुम्ही नाही म्हणायचात." मी म्हटलं, खोटं नाही बोललो. दुखत नव्हतेच. दुखले असते तर पहिल्या दिवशी तुझ्या मांडीवर आणून ठेवले असते.

ती उठली. मला वाटलं, रागावून निघाली. पण ती कॉटच्या पायथ्याशी गेली आणि माझ्या डाव्या तळव्यावर, चांगल्या पायाच्या, हात ठेवून तिनं विचारलं, "हा कळतोय?" मी नाही म्हटलं. तिनं हात घोट्यावर नेला. कळतोय? नाही. मग जरा वर. मग आणखी जरा वर. मी नाही म्हणत गेलो आणि ती विचारत गेली, चिमटे, एकदाही घाई केली नाही. गुडघ्याच्या थोडा खाली तिचा हात कळला. गार होता. मी सांगितलं, आणि तिनं तो तिथेच ठेवला.

मामा